टाके काढले की उसवले?

नागपूरच्या एका वाचकाने विचारलंय: आईच्या ऑपरेशननंतर 'आज टाके उसवून आणले' असं सांगितलं, तर शेजारच्या काकू दचकल्याच. यात चुकलं काय?

व्याकरणाने पाहिलं तर काहीच नाही. शिवण आपोआप उसवते, तशी आपण मुद्दामही उसवतो. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, ब्लाउज सैल करायला द्या, टेलर आधी बाजूची शिवणच उसवेल. स्वेटरची ओळ चुकली की तीही उसवतात. जखमेचे टाके मात्र 'काढतात'. तिथे 'उसवले' म्हटलं की भरत आलेली जखम उघडी पडली, असंच ऐकणाऱ्याला वाटतं. चेहऱ्यावरचे टाके साधारण 5 दिवसांत निघतात, सांध्यावरचे 10 ते 14 दिवस ठेवतात. त्याआधी सुटले तर ते उसवले. काकू उगीच नाही दचकल्या.

जोडीची क्रियापदंही बघा. डॉक्टर टाके 'घालतात', पण पोरगं सायकलवरून आपटलं की त्याला टाके 'पडतात'. लागलं किती, हे विचारायचीही तीच रीत: "किती टाके पडले?" विणताना सुईवरून टाका 'गळतो'. आणि दोघांचं जुळलं की त्यांचा टाका 'भिडतो'! हा हिंदीतही भिडतो, त्यामुळे नागपुरात तो कुठल्या भाषेतला, हे विचारत बसण्यात अर्थ नाही.

शिवणकामात टाका म्हणजे मुख्यतः हाताचा. मशीनवर 'टीप मारतात'. साडीला फॉल हाताने लावताना साडीचे एक-दोनच धागे सुईवर घ्यायचे, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नाही. घाईत जास्त कापड उचललं की काठाखाली ठिपक्यांची रांग उमटते, आणि गडद रंगाच्या साडीवर ती लपता लपत नाही. मापापुरते, नंतर ओढून काढायचे ते कच्चे टाके. ते मात्र कपड्यातूनही 'काढतात' म्हटलेलं चालतं, कारण ते काढण्यासाठीच घातलेले असतात.

गडावरचं पाण्याचं 'टाके' वेगळं. ते नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन 'टाकी'. आपला टाका पुल्लिंगी. म्हणून 'टाक्यात पाणी झालंय' असं कुणी म्हणालं, तर गडाबद्दल बोलतोय की जखमेबद्दल, हे आधी विचारून घ्यावं.