तुमचे प्रश्न : गिरणीचं छप्पर करवतीसारखं का?

प्रश्न : आमचे आजोबा गिरणीत साचेखात्यात (साचा म्हणजे कापड विणायचा माग) होते. परवा लोअर परळच्या ब्रिजवरून जाताना एका जुन्या गिरणीचं छप्पर दिसलं, करवतीचे दात असतात ना अगदी तसं. हे असं का बांधायचे? आणि मुंबईतली पहिली गिरणी कुठली?

उत्तर : छान प्रश्न, टॉवरच्या गर्दीत वर बघतंय कोण हल्ली! तर त्या प्रत्येक दाताची एक बाजू उतरती, कौलांची नाहीतर पत्र्याची, आणि दुसरी उभी, काचेची. ही काच मुद्दाम उत्तरेला ठेवायचे, म्हणजे थेट ऊन आत येत नाही पण उजेड दिवसभर सारखा मिळतो, कारण शेड इतकी रुंद की भिंतीच्या खिडक्यांचा उजेड मधल्या साच्यांपर्यंत पोचणार कसा, आणि तुटलेला धागा तर दिसायलाच हवा. बरं, हवा कोरडी झाली की सूत पटापट तुटतं, म्हणून आत ओलावा राखायचे. उकाडा, दमटपणा आणि वर उडणारा कापूस, कामगार घरी यायचा तो केसांत पांढरी पिंजण घेऊनच.

पहिली गिरणी ताडदेवची, कावसजी नानाभाई दावर यांची. कंपनी १८५४ ची, गिरणी चालू झाली १८५६ ला. पुढे १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बऱ्याच गिरण्या नंतर उठल्याच नाहीत. १९९१ च्या शहर विकासाच्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, मोकळी जागा, म्हाडा (सरकारी घरबांधणी) आणि मालक. २००१ ला नियम बदलून वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती केली, आणि रिकामी जमीन होतीच किती म्हणा! पुढच्या वेळी गेलात तर गिरणीची चिमणी, म्हणजे उंच धुराडंही शोधा, काही ठिकाणी ती अजून उभी आहे.