पिशवीत बांधलेली गोधडी

"मॅडम, पोरगं फोनवर नुसतं रडतंय. परत आणू का?"

जुलै उलटला की हा प्रश्न मला हमखास येतो. निवासी शाळेची प्रवेश परीक्षा पास होऊन सहावीला होस्टेलवर गेलेली अकरा वर्षांची मुलं, आणि इकडे घरात आईच्या घशाखाली घास उतरत नाही. अशा वेळी मी सुजयची गोष्ट सांगते. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही.)

सुजय रोज संध्याकाळी साडेसहाला पोट धरून सिकरूममध्ये यायचा. ताप नाही, जुलाब नाही. नर्सबाईंनी ओव्याचं पाणी देऊन पाहिलं, मग समुपदेशक म्हणून माझ्याकडे पाठवलं. पोट खरंच दुखत होतं बरं का, नाटक नव्हतं. मनात मावेनासं झालं की मुलांचं पोट दुखतं, डोकं दुखतं. त्यात 'मला इथं नको' म्हणायची त्याला सोयच नव्हती. असल्या शाळांत जागा मोजक्या. केंद्र सरकारच्या नवोदय शाळेत सहावीला फार तर ८०, त्याही अख्ख्या जिल्ह्यातून. याचा नंबर लागला तेव्हा गावच्या चौकात फोटोसकट अभिनंदनाचा फ्लेक्स लागला होता. फ्लेक्सवरचा मुलगा रडत परत कसा जाणार?

पहिल्या भेटीत मी माती खाल्ली. "सगळ्यांनाच होतं रे, होईल सवय," म्हणाले. तो "हो मॅडम" म्हणाला आणि मिटला.

दुसऱ्यांदा विचारलं, "साडेसहाला घरी काय करायचास?"

मग गाडी सुरू झाली. किटली घेऊन डेअरीवर जायचं, पावतीवर दुधाला फॅट किती लागली ते बघायचं, आल्यावर वासराला पेंड.

"आता कोण जातं?"

"आजोबा. त्यांचा गुडघा दुखतो."

त्याच दिवशी त्याने मला पेटी उघडून दाखवली. तळाशी आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली. थंडीसाठी ठेवलीस का, विचारलं.

"नाही. वापरली तर वास जाईल."

वडील मायेपोटीच म्हणून गेले होते, "पंधरा दिवस बघ, नाही करमलं तर आणतो." झालं, पोरगं दिवस मोजत बसलं. रुळणार कधी? मुदत संपली की नवी मुदत. ते वाक्य मी त्यांना मागे घ्यायला लावलं. दिवाळीच्या सुट्टीची तारीख सांगा आणि त्या दिवशी सकाळी गेटवर उभे राहा, म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "मॅडम, त्याला भेटून येताना गाडीवर मीच रडतो हो."

आईला सांगितलं, "करमतं का, रडलास का" एवढं विचारू नका. वासराचं सांगा, आजोबांचा गुडघा कसा आहे ते खरं सांगा. फोनही झोपायच्या तोंडावर नको, दुपारी करा. आजोबांनी तर माझ्याही पुढची युक्ती काढली. ५० पैशांच्या पोस्टकार्डावर डेअरीचा हिशेब लिहून धाडायला लागले. इकडे पीटीच्या सरांनी साडेसहाला रोपांना पाणी घालायचं काम दिलं, वर्गातला एक मुलगा जोडीला. पुढच्या महिन्यात सुजय सिकरूममध्ये एकदाच आला, तोही कोपर खरवडलं म्हणून.

मूल परत आणूच नये, असं मात्र मी म्हणत नाही. जेवण तुटलंय, झोप उडालीय, अंथरूण ओलं होतंय, एखाद्या मोठ्या मुलाचं किंवा माणसाचं नाव निघालं की मूल आक्रसतंय, तर ही नुसती घरची आठवण आहे असं धरून बसू नका. त्याच दिवशी शाळा गाठा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

दिवाळीनंतर गेले तर गोधडी पलंगावर अंथरलेली.

"वास?"

"गेला. मम्मीनं धुतली." आणि उशीखालचं पोस्टकार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "फॅट बघा मॅडम, ४.२ लागली."