पानांचा चहा: वाचकांचे प्रश्न

भाचीने दार्जिलिंगहून फर्स्ट फ्लश पत्ती आणली. नेहमीसारखं दूध-साखर घालून उकळली, तर चहा पाणचट आणि वर तुरट. पत्ती भेसळीची असेल का? (सोलापूर)

पत्तीवर लगेच शंका नको. आपली रोजची दाणेदार पावडर सीटीसी असते. रोलरमध्ये पान चिरडून, फाडून त्याचे दाणे करतात. ती उकळीही पेलते आणि दूधही. फर्स्ट फ्लश ही वसंतातली पहिली, कोवळी खुडणी. तिचं पान अख्खं वळलेलं असतं. ते उकळलं की सुवास वाफेबरोबर उडतो आणि तुरटपणा तेवढा मागे राहतो. दूध तर या चहात घालूच नये.

किटली गरम पाण्याने विसळून घ्या. दोन कपांना, म्हणजे 300 मिली पाण्याला, 4 ते 5 ग्रॅम पत्ती पुरे. पत्ती हलकी आणि फुगीर असते, चमच्याचा अंदाज चुकतो. वजनकाटा असेल तर काढाच. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून मिनिट-दीड मिनिट थांबा, पत्तीवर ओता, झाकण लावा. घड्याळ लावून 3 मिनिटं. मग किटलीतला सगळा चहा एकदम गाळून घ्या, कारण पत्तीवर राहिलेला चहा कडवट होत जातो. रंग फिका सोनेरीच येतो, तो गडद व्हायची वाट पाहू नका. कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ नको.

दुधाशिवाय आमच्याकडे चहा कुणाला जातच नाही. मग? (नगर)

आसामची ऑर्थोडॉक्स पत्ती, म्हणजे दाणे न करता पान वळवून केलेली, आणा. तिच्यावर उकळतं पाणी ओता, 4-5 मिनिटं मुरू द्या, गाळून झाल्यावर थोडं गरम दूध घाला.

कोऱ्या चहावर तेलकट तवंग येतो. भांडी स्वच्छ असतात. (लातूर, बोअरचं पाणी)

ते तेल नव्हे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं मिळून ती साय धरते. लिंबाचे दोन थेंब पिळले तर ती विरते, पण चवही बदलते. त्यापेक्षा चहापुरतं फिल्टरचं पाणी घ्या.

साखळीची जाळीदार गोळी घ्यावी का? (ठाणे)

नको. पान फुलायला तिच्यात जागाच नसते. पत्ती किटलीत मोकळी टाका आणि ओतताना गाळणं धरा.

पत्ती फ्रिजमध्ये टिकेल ना? (पणजी)

फ्रिजमधला डबा बाहेर काढून उघडला की पत्तीला दमटपणा लागतो, शिवाय ती शेजारचा वास चटकन ओढते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, मसाल्यांपासून लांब ठेवा. आणि फर्स्ट फ्लश पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. त्याच वर्षात संपवा.