गच्चीवरचं होर्डिंग अडवायचं असेल तर आधी कागद मागा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकच्या गंगापूर रोडला वीसेक वर्षांची जुनी पाच मजली इमारत. एका जाहिरात एजन्सीला गच्चीवर 40 बाय 20 फुटांचं होर्डिंग उभारायचंय. अध्यक्ष म्हणतात, सगळ्यांचा मेंटेनन्स माफ होईल. वरच्या मजल्यावरचे तुम्ही तिघंच विरोधात आहात, आणि 'यांना कशातच चांगलं दिसत नाही' असं ऐकून घेताय. अडवता येईल का?

येईल. पण शहराच्या विद्रूपीकरणाचा मुद्दा सभेत पहिल्यांदा काढू नका. मला तो शंभर टक्के पटतो, तरी तो काढला की कुणीतरी 'मग चौकाचौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स दिसत नाहीत का?' असं म्हणणार आणि पुढचा तासभर भाऊ-दादांवर जाणार. फ्लेक्सचा विषय वेगळा आहे. तो रस्त्यावरचा आणि बहुतेक वेळा विनापरवाना. तुमचा विषय तुमच्या स्लॅबचा आहे, तिथेच राहा.

स्लॅबचं गणित सभेत फळ्यावर मांडा. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस 875 भाग 3 हे मानक वापरतात. त्यात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. या वेगाच्या वर्गाला 0.6 नं गुणलं की दाब मिळतो: दर चौरस मीटरला साधारण 93 किलो. तुमचं होर्डिंग 800 चौरस फूट, म्हणजे सुमारे 74 चौरस मीटर. गुणाकार केला तर जवळजवळ सात टनांचा आडवा रेटा येतो, तोही उंचीचे आणि पत्र्याच्या आकाराचे गुणक लावण्याआधी. आणि येण्याजाण्याची गच्ची धरतात ती चौरस मीटरला 150 किलो उभ्या भारासाठी: माणसं, टाकीजवळचं सामान, वाळवणं. आडव्या रेट्यानं सांगाड्याचे मागचे पाय स्लॅबवर दाबले जातात आणि पुढचे पाय अँकर बोल्टसकट उपटायला बघतात. सांगाड्याच्या बेस प्लेट, म्हणजे पायांखालच्या लोखंडी पाट्या, कॉलमच्या डोक्यावर येणार की नुसत्या स्लॅबवर, हा एक प्रश्न एजन्सीच्या माणसाला विचारा आणि त्याचा चेहरा बघा. वळवाच्या वाऱ्यात आपल्याकडे काय होतं ते मे महिन्यात गच्चीवर उभं राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शिवाय बोल्टसाठी स्लॅब भोकला की वॉटरप्रूफिंग गेलं. पहिली गळती तुमच्याच छतातून येणार.

कुणी 'असं कुठे पडतं का' म्हणालं तर मुंबईतलं घाटकोपर आठवून द्या. 13 मे 2024, छेडानगरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, 17 मृत्यू. मुंबईत मर्यादा 40 बाय 40 फुटांची होती आणि तो फलक साधारण 120 बाय 120 चा होता. त्याआधी एप्रिल 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात होर्डिंग कोसळून पाच जण गेले. हे दोन्ही जमिनीवरचे सांगाडे होते. तुमचा तर पाच मजल्यांच्या वर असणार.

आता गच्ची कुणाची, ते बघू. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, त्यामुळे तुमचं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीत कुणाचं काय आणि सामायिक काय हे सांगणारा नोंदणीकृत दस्त, बाहेर काढा. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा 1970 नुसार छत, कॉलम, बीम सामायिक असतात आणि त्यात प्रत्येक मालकाचा अविभक्त हिस्सा असतो. इमारतीच्या भक्कमपणाला किंवा सुरक्षिततेला बाध येईल असं काम एखाद्या मालकाला करायचं असेल तर कलम 8 बाकीच्या सगळ्यांची संमती मागतं. अध्यक्ष आणि सचिवांनी लेटरहेडवर दिलेली एनओसी ही तुमची संमती नव्हे. डीड वाचताना मात्र एक ओळ डोळ्यांत तेल घालून शोधा: बिल्डरनं गच्चीचे किंवा जाहिरातीचे हक्क स्वतःकडे राखून ठेवलेत का? तसं असेल तर वकिलाकडे जाण्याशिवाय इलाज नाही. सोसायटी नोंदलेली असेल तर सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर विषय होता का आणि ठराव कसा लिहिलाय ते तपासा. 'आयत्या वेळच्या विषयात' असला ठराव घुसडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

महापालिकेत अर्ज एजन्सी करेल, पण हरकत तुम्ही आधीच नोंदवून ठेवा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 244 नुसार असा फलक, कायद्याच्या भाषेत आकाशचिन्ह, आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय उभारता येत नाही. 2022 पासून त्यासाठी वेगळे नियमही आहेत. राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, विविध कर विभाग आणि तुमचं विभागीय कार्यालय, दोन्हीकडे पत्र द्या. दोन ओळी पुरेत: आम्ही सहमालक आहोत, आमची संमती नाही, आमच्या नावानं एनओसी आली तर ती ग्राह्य धरू नये. पोचवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. लोखंड वर चढल्यावर दिलेली हरकत आणि आधी दिलेली हरकत यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एकदा सांगाडा उभा राहिला की शुल्क भरणारी एजन्सी, आणि कटकट करणारे तुम्ही.

तरीही काम सुरू झालं तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. परवानगीची प्रत, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र, मालकांच्या संमतीची प्रत आणि मंजूर आकार मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. प्रमाणपत्र आलं तर ते कुठल्या पत्त्यासाठी आहे आणि इंजिनिअरनं कॉलम तपासलेत का, हे बघा. अनुभव असा, की सांगाड्याची मजबुती छान लिहिलेली असते आणि ज्या इमारतीवर तो बसणार तिच्याबद्दल अवाक्षर नसतं.

राहिला मेंटेनन्स. अध्यक्षांना आकडा कागदावर मागा आणि त्याखाली खर्च लिहायला लावा: भाड्यावरचा आयकर, गच्चीची दुरुस्ती, स्ट्रक्चरल ऑडिट, तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास विमा कुणाचा. करारात एजन्सी ही जबाबदारी नावानिशी घेत नसेल तर खाली रस्त्यावर काही झालं की पोलीस पहिल्यांदा पदाधिकाऱ्यांकडे येतील. हे वाक्य सभेत शांतपणे म्हणा, अध्यक्षांकडे बघून. 2027 चा सिंहस्थ तोंडावर असल्यानं एजन्स्या गच्च्या शोधत फिरणारच. तुमची नाही तर शेजारची. म्हणून शेजारच्या दोन इमारतींनाही हेच पत्र द्यायला लावा. समोरच्या फुटपाथवरच्या झाडांचे आजच फोटो काढून ठेवा. फलक दिसावा म्हणून फांद्या 'वाऱ्यानं' पडायला लागल्या तर वृक्ष प्राधिकरणाकडे तक्रार करताना ते लागतील.

डीडमधलं सामायिक जागांचं पान इथे टाकलंत, नावं झाकून, तर बिल्डरनं हक्क राखल्याची ती ओळ आहे का ते मी बघतो.