एक्झिक्यूट दाबण्यापूर्वी

प्रिय भावी को-पायलट,

विमानाला मार्गावरून नेणाऱ्या फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरला चुकीचा बिंदू दिलास तर तो तिथेही तितक्याच अचूकपणे पोहोचवतो. म्हणून रूट भरून झाला की वेपॉइंटची, म्हणजे मार्गावरच्या बिंदूंची, नावं वाचून थांबू नकोस. प्रत्येक टप्प्याचा ट्रॅक (जमिनीवरच्या मार्गाची दिशा) आणि अंतर, दोन्ही फ्लाइट प्लॅनशी ताडून बघ.

दोन्ही का, ते उत्तर अटलांटिकवर कळतं. तिथे ५२५०एन म्हणजे ५२ अंश उत्तर, ५० अंश पश्चिम. एन५२५० म्हणजे ५२ अंश ३० मिनिटं उत्तर, रेखांश तेच. एक अक्षर पुढे सरकलं की विमान ३० सागरी मैल बाजूला. त्या अक्षांशावर दहा रेखांशांचा टप्पा साधारण ३७० मैलांचा असतो. या चुकीने त्याची लांबी जेमतेम मैलभर बदलते, ट्रॅक मात्र साडेचार अंशांच्या आसपास फिरतो. नुसतं अंतर बघणाऱ्याला काहीच खटकणार नाही. (ट्रॅक ताडताना दोन्हीकडे ट्रू, म्हणजे खऱ्या उत्तरेपासून, किंवा दोन्हीकडे मॅग्नेटिक, म्हणजे होकायंत्राच्या उत्तरेपासूनच धर.) काही स्क्रीनवर वेपॉइंटच्या नावात मिनिटं दिसतच नाहीत, तेव्हा पूर्ण अक्षांश-रेखांश उघडूनच वाच.

एकाने भरायचं आणि दुसऱ्याने स्वतंत्रपणे तपासायचं. तपासणाऱ्याने आधी कॉम्प्युटरमधले आकडे मोठ्याने वाचावेत, मग कागद बघावा. उलटं केलं तर डोळ्यांना जे अपेक्षित आहे तेच दिसतं. मुख्य फ्लाइट प्लॅनवर खुणा अशा: बिंदू भरला की त्याचा क्रमांक लिही, दुसऱ्याने तपासला की त्याभोवती गोल, ट्रॅक-अंतर जुळलं की टिक, बिंदू ओलांडला की काट. ओलांडल्यावर दहा मिनिटांनी विमानाची जागा पुन्हा चार्टवर मांड. कंटाळवाणं वाटेल, पण वळणानंतरची चूक इथेच सापडते.

उतरताना घाई असते आणि धोका वेगळा असतो. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियात कालीकडे उतरणाऱ्या बोइंग ७५७ मध्ये रोझो या रेडिओ बीकनसाठी (वाट दाखवणाऱ्या केंद्रासाठी) ‘आर’ टाइप झालं, कारण चार्टवर तेच अक्षर होतं. डेटाबेसमध्ये मात्र ‘आर’खाली रोझो नव्हताच, यादीत वर आला बोगोटाजवळचा रोमिओ. विमान डावीकडे, पूर्वेला वळलं. पुढे डोंगर होते; १५९ जण गेले. यादीतला पहिला पर्याय आपलाच, असं कधी धरू नकोस. बदललेली रेघ नकाशावर कुठे जाते ते दोघांनी बघितल्याशिवाय एक्झिक्यूट (बदल पक्का करणारं बटण) दाबायचं नाही. दोघांचीही मान कीपॅडवर असेल, तर आधी एकाने वर बघावं.

दुसरी चूक ऑटोपायलटच्या मोडची. १ सप्टेंबर १९८३ रोजी सखालिनजवळ पाडलं गेलेलं कोरियन विमान अँकरेजपासूनच हळूहळू मार्गाबाहेर सरकत होतं. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १९९३ च्या अहवालानुसार ऑटोपायलट हेडिंगवर (नाकाची ठरावीक दिशा धरणाऱ्या मोडवर) राहिला होता, किंवा भरलेला मार्ग धरणारं इनर्शियल नेव्हिगेशन निवडलं तेव्हा विमान मार्गापासून इतकं दूर होतं की ते मार्ग पकडूच शकलं नाही. आजही ढग टाळून हेडिंगवरून परतताना हेच होतं: बटण दाबलं जातं, नॅव्ह (मार्ग धरणारा मोड) फक्त आर्म होतो, म्हणजे तयार राहतो, आणि हेडिंग मार्गाला छेदत नसेल तर विमान समांतर उडत राहतं. त्यामुळे बटणाकडे बघून काही ठरवू नकोस. समोरच्या मोड पट्टीवर नॅव्ह हिरवा झालेला वाच, मोठ्याने म्हण, आणि क्रॉस-ट्रॅकचा (मार्गापासून बाजूला किती आहोत त्याचा) आकडा कमी होतोय का ते बघ.

शंका आलीच तर लगेच नवं काही टाइप करू नकोस. हेडिंग घे, सुरक्षित उंचीखाली असशील तर आधी वर चढ, कंट्रोलरकडे व्हेक्टर (कुठल्या दिशेने उडायचं ते) माग; कॉम्प्युटर त्यानंतर.