नवी मुंबई विमानतळाच्या भरवशावर उलव्यात दुसरा फ्लॅट घ्यावा का?

स्वतः राहण्यासाठी असेल तर अवश्य घ्यावा. परंतु केवळ भाव वाढतील या आशेने, तेही कर्ज काढून, घेणार असाल तर मी हात आखडता घेण्यास सांगेन. ज्या विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले, त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. मधल्या काळात लोकसभेच्या आणि विधानसभेच्या दोन-दोन निवडणुका पार पडल्या, गृहकर्जाचे हप्ते मात्र कोणासाठी थांबले नाहीत. अटल सेतू आणि विमानतळ या दोन्ही गोष्टी बिल्डरने भावात केव्हाच धरलेल्या आहेत, जरी दलालाच्या तोंडी ती अजूनही ‘आतली बातमी’ असली तरी.

करही लक्षात घ्या. आज घेतलेले घर चोवीस महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो आणि महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सवलत मिळत नाही. ती सवलत घेऊन २० टक्के कर भरण्याचा जुना पर्याय २३ जुलै २०२४ पूर्वीच्या खरेदीपुरताच उरला आहे. सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, जमीन भाडेपट्ट्यावर असते, म्हणून पुनर्विक्रीचा फ्लॅट असल्यास हस्तांतरण शुल्क कोण भरणार, हे टोकन देण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे.