‘सगळे कौतुक करतात आणि मला बाबांचा राग येतो’

जवळचे माणूस गेल्यानंतर चहूकडून त्याची स्तुती कानावर येत असते आणि नेमका तेव्हाच आपल्या मनात त्याच्याविषयीचा जुना राग उसळून येतो. त्या रागाची लाज वाटून माणूस आणखीच मिटून जातो. ही घालमेल घेऊन समुपदेशकाकडे येणारे पुष्कळ असतात. गेलेली व्यक्ती गावात नावाजलेली असेल, तर घरच्यांना हा राग बोलून दाखवायला जागाच उरत नाही. पुढे सांगितलेल्या अनुभवातील ओळख पटवणारे तपशील बदललेले आहेत आणि संबंधित बाईंच्या संमतीनेच तो लिहीत आहे.

त्या चाळिशीतल्या शिक्षिका. माहेर सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे. वडील तिथले जुने डॉक्टर. दवाखाना सांभाळून ते हौशी नाटके बसवत, पेटी वाजवत, दिवाळी अंकांना कविता पाठवत आणि औषध कंपन्यांचे प्रतिनिधी देऊन जात त्या पॅडांच्या कोऱ्या पाठीवर बाकावर बसलेल्या रुग्णांची चित्रे काढत. शोकसभेला सभागृह भरून लोक आले होते. वर्षश्राद्धाच्या सुमारास नाट्यमंडळाने स्मृतिसभा ठरवली आणि मुलीने त्यात बोलावे असा आग्रह धरला. बाई कागद घेऊन बसत आणि तो कोराच ठेवून उठत. ‘‘मी कृतघ्न आहे का हो? माणसं डोळे पुसत त्यांच्या आठवणी सांगतात आणि मला एकच आठवतं, की बाबा घरी नसायचे,’’ असे त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या.

मी त्यांना भाषणाचा विषय बाजूला ठेवून लहानपणीची एखादी साधी संध्याकाळ सांगायला सुचवले. त्यांनी सांगितलेली संध्याकाळ अशी होती: दवाखाना रात्री नऊला बंद होई, कंपाउंडर किल्ली आणून देई, आणि ती किल्ली हातात घेऊन आई म्हणे, ‘‘पानं घ्या, ते तालमीला गेले.’’ दहावीच्या निकालाच्या दिवशीही हेच वाक्य ऐकल्याचे सांगताना त्यांचा आवाज चढला आणि लगेच त्यांनी माझी माफी मागितली. माफीची गरज नव्हती. त्या दिवशी आम्ही केवळ त्या चढलेल्या आवाजाविषयीच बोललो.

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार असे शोकाच्या पाच अवस्थांचे कोष्टक आता सर्वांच्या तोंडी झाले आहे. पण मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले ते मृत्युशय्येवरील रुग्णांशी झालेल्या संवादांतून, मागे राहिलेल्यांसाठी वेळापत्रक म्हणून नव्हे. मला स्वतःला मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांची 1999 मधील मांडणी अधिक उपयोगी वाटते. शोकात असलेला माणूस दुःखाकडे जातो, तिथून दैनंदिन व्यवहारांकडे वळतो, पुन्हा दुःखाकडे येतो, आणि हे येणे-जाणे म्हणजेच सावरणे, असे ती सांगते. राग हा या दुःखाचाच भाग असतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत लांबलेल्या शोकाची नोंद आहे. तिथेही राग आणि अपराधी भावना या वेदनेच्या खुणा म्हणूनच दिल्या आहेत. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ, आणि आपल्या समाजात जे स्वाभाविक मानले जाते त्याहूनही अधिक, गेलेल्या माणसाचाच तीव्र ध्यास राहून काम, झोप, नाती असे सारेच विस्कटले असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला हवे. बाईंचे तसे नव्हते. त्या शाळेत जात होत्या, घर सांभाळत होत्या. अडत होते ते फक्त बाबांविषयी बोलताना.

एकदा त्या थोड्या तावातावाने म्हणाल्या, ‘‘डॉ. अनिल अवचट नव्हते का? बासरी, ओरिगामी, लाकडातली शिल्पं, लेखन, शिवाय मुक्तांगणसारखं व्यसनमुक्ती केंद्र. मग आमच्याच घरात कमी का पडलं?’’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला, कारण तुलना बहुधा अर्धीच केली जाते. अवचटांनी एमबीबीएस होऊनही डॉक्टरकीचा व्यवसाय मागे टाकला, पत्नी डॉ. सुनंदा यांच्या सरकारी नोकरीवर घर चालले आणि मुलींना वाढवण्यात ते स्वतः घरी होते. ही वाटणी त्यांनी कधी लपवली नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. त्यांनीही 1969 मध्ये व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमी पत्करली. बाईंच्या वडिलांनी दोन्ही धरून ठेवले आणि त्यासाठी लागणारे तास घरातून काढले. त्यात खलनायक कोणी नाही, पण ते तास कोणाच्या वाट्याचे होते हे म्हणायला काय हरकत आहे? माझ्या मते छंदांचे गोडवे गाणाऱ्या श्रद्धांजलीपर लेखांत हा हिशेब फारच क्वचित मांडला जातो.

मग त्यांनी वडिलांना पत्र लिहिले, पाठवायचे नसलेले. ते माझ्यासमोर मोठ्याने वाचताना दहावीच्या निकालापाशी त्या थांबल्या, रडल्या आणि पुढे वाचत गेल्या. त्यानंतर त्यांना आईशी बोलावेसे वाटले. आईने जे सांगितले ते मुलांना कधीच ठाऊक नव्हते. ‘‘ज्या दिवशी पेशंट दगावलेला असायचा ना, त्या दिवशी हे अन्नाला शिवायचे नाहीत. तालीम नसली तर पहाटेपर्यंत पेटी.’’ हे ऐकून बाई हळव्या झाल्या आणि आता आपण रागवायला नको, असे स्वतःला बजावू लागल्या. मी त्यांना तिथे थोपवले. वडिलांचे दुःख खरे होते म्हणून मुलीचे वाट पाहणे खोटे ठरत नाही. दोन्ही एकाच घरात घडत होते.

चित्रांचा प्रश्न वेगळाच निघाला. भावाला त्यांचे प्रदर्शन भरवायचे होते. बाईंनी एक जुडगा माझ्याकडे आणला होता. त्यात फेटा सैल करून पुढे वाकून श्वास घेणारा एक म्हातारा होता, गुडघ्यांवर टेकवलेल्या हातांच्या शिरा चार-दोन रेघांत पकडलेल्या, आणि कोपऱ्यात त्याचे नाव, गाव व ‘दमा, पावसाळ्यात वाढतो’ अशी टीप. रुग्णाने डॉक्टरांपुढे उघडे केलेले दुखणे डॉक्टर गेल्यावरही त्या रुग्णाचेच राहते, असे मी स्पष्ट सांगितले. नावे व टिपा असलेली चित्रे घरच्या कपाटात ठेवायची आणि ज्यांवरून कोणी ओळखू येणार नाही अशीच बाहेर काढायची, असे बहीण-भावांनी ठरवले. भाऊ आधी नाराज होता, पण त्याला ते पटले.

स्मृतिसभेत बाई थोडेच बोलल्या. बाबांनी गावाला नाटक दिले, आम्ही घरी पाने वाढून वाट पाहत होतो, दहावीला मला फार राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही, असे त्यांनी सांगितले. मग आईने सांगितलेली पेटीची गोष्ट आईच्या परवानगीने सांगितली. एका आत्याला ते आवडले नाही आणि तिने ते तोंडावर सांगितले. तालमीला येणाऱ्या एका वृद्ध नटाने मात्र जवळ येऊन विचारले, ‘‘डॉक्टर घरी न जेवता येत होते, हे आम्हाला कसं कधी कळलं नाही?’’ पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला. त्यालाही वेळ हवी होती. त्याचा राग बाबांवर नव्हता, आईवर होता.